सुवर्णघुमटाखालचे खेळाडू

फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वसईतील किंवा गोव्यातील पावसाने चिखल झालेले मैदान येते आणि पायाने लाथाडला जाणारा गोल चेंडू दिसतो. अमेरिकेत मात्र त्याच नावाने खेळला जाणारा खेळ अगदी निराळा आहे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाताने फेकायचा अथवा छातीशी धरून पळत न्यायचा. शंभर यार्डांचे मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड कवच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करायचा. नवख्याला ही निव्वळ झोंबाझोंबी वाटेल. प्रत्यक्षात तिच्यामागे बुद्धिबळासारखी आखणी असते.

या खेळाच्या इतिहासात एका कॅथलिक विद्यापीठाचे नाव अढळ झाले आहे. पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरीन हे १८४२ च्या नोव्हेंबर महिन्यात काही ब्रदरांसह इंडियाना राज्यातील बर्फाच्छादित अरण्यात येऊन दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी स्थापन केलेल्या विद्यालयाला पवित्र मरियेच्या सन्मानार्थ त्यांनी 'नोटर डेम' हे नाव दिले. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर तिचाच पुतळा उभा आहे. या घुमटाच्या छायेत खेळलेल्या मुलांपैकी, पुढे पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक संघांत, सर्वांत थोर कोण ठरला, हा वाद तेथील क्रीडारसिक पिढ्यान्पिढ्या घालत आले आहेत. तो वाद वरवर पाहता पोरकट आहे. परंतु थोडे खोलात शिरले की माणसाची थोरवी कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न त्यातून डोके वर काढतो, आणि मग तो सहजासहजी सोडवत नाही.

मुळात नोटर डेमची कीर्ती व्यावसायिक खेळामुळे झालेलीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेले गरीब कॅथलिक लोक अमेरिकेत उपऱ्यासारखे राहत होते. १९२४ च्या मे महिन्यात कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेचे लोक मेळाव्यासाठी नोटर डेमलगतच्या साऊथ बेंड शहरात जमले, तेव्हा विद्यार्थ्यांची त्यांच्याशी भर रस्त्यात चकमक उडाली. त्याच वर्षीच्या हंगामात नोटर डेमचा संघ एकही सामना हरला नाही. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, असे न्यूयॉर्कमधील हमाल आणि गवंडी या संघाला आपला मानू लागले. प्रशिक्षक नूट रॉकनी हे मूळचे नॉर्वेतील. त्यांनी १९२५ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १९३१ साली कॅन्सस राज्यात विमान कोसळून ते मृत्यू पावले. त्यांचा सर्वांत लाडका खेळाडू जॉर्ज गिप हा तर १९२० च्या डिसेंबरात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, विद्यार्थी असतानाच वारला. ज्याचे नाव नोटर डेममध्ये सर्वाधिक आदराने घेतले जाते, त्याला या वादात जागाच नाही!

त्या काळी व्यावसायिक खेळ हा प्रतिष्ठितांचा मानलाच जात नसे. १९१८ साली गिपच्या सोबतीने खेळलेला कर्ली लॅम्बो एका हंगामानंतर शिक्षण सोडून आपल्या ग्रीन बे गावी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने 'पॅकर्स' हा संघ उभारला. १९२१ साली त्याने नोटर डेमच्या काही विद्यार्थ्यांना टोपणनावांनी आपल्या संघातून खेळवले. ही लबाडी उघडकीस आली आणि १९२२ च्या जानेवारीत पॅकर्सला संघटनेतून बाहेर काढण्यात आले. काही महिन्यांनी लॅम्बोने ते सदस्यत्व पुन्हा मिळवले. परंतु आज अब्जावधी डॉलरांची उलाढाल करणाऱ्या या धंद्याचे बालपण असे होते.

याच लॅम्बोकडे शाळेत खेळाचे धडे घेतलेला जिम क्राउली पुढे नोटर डेममध्ये जाऊन १९२४ च्या 'चार घोडेस्वारां'पैकी एक म्हणून गाजला. त्याने नंतर न्यूयॉर्कमधील जेझुइट धर्मगुरूंच्या फोर्डहॅम विद्यापीठात व्हिन्स लोम्बार्डी नावाच्या तरुणाला शिकवले. आणि रोज मिस्सेला जाणारा तो लोम्बार्डी १९५९ साली प्रशिक्षक म्हणून आला तो लॅम्बोच्याच ग्रीन बेला. तेथे त्याच्या हाती नोटर डेमचाच एक गुणी पण स्वैर मुलगा लागला: पॉल हॉर्नंग.

महाविद्यालयीन खेळातील वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला 'हाइझमन' करंडक मिळतो. नोटर डेमच्या सात जणांना तो मिळाला आहे. पण त्या सातांपैकी व्यावसायिक खेळाच्या कीर्तिमंदिरात पोहोचले दोघेच, हॉर्नंग आणि टिम ब्राऊन. विद्यापीठातील यश आणि पुढचे यश यांचे नाते किती सैल आहे, हे यावरून कळावे. हॉर्नंगला १९५६ साली करंडक मिळाला तेव्हा त्याचा संघ दहांपैकी आठ सामने हरला होता. लोम्बार्डीच्या शिस्तीत मात्र तो फुलला. १९६० साली बारा सामन्यांत त्याने १७६ गुण मिळवले. हा विक्रम मोडायला २००६ साल उजाडावे लागले, आणि तोवर हंगाम सोळा सामन्यांचा झाला होता. पण १९६३ साली सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल तो पूर्ण हंगाम निलंबित झाला. कीर्तिमंदिराचे दार त्याच्यासाठी १९८६ साली उघडले.

टिम ब्राऊन, जेरोम बेटिस, डेव्ह कॅस्पर, जॉर्ज कॉनर, ब्रायंट यंग ही नावेही यादीत आहेत आणि ती आदराची आहेत. बेटिसविषयी एवढेच सांगतो की, १३,६६२ यार्ड धावून कीर्तिमंदिरात गेल्यानंतरही अर्धवट राहिलेली पदवी त्याने २०२२ साली विद्यापीठात परत बसून पूर्ण केली.

वाद खरा रंगतो तो जो मॉन्टॅनापाशी. पेनसिल्व्हेनियातील कोळसा-पोलादाच्या मुलखातला हा मुलगा. चाल सुरू करून चेंडू फेकणारा 'क्वार्टरबॅक' ही त्याची जागा, आणि १९७७ चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्या जागेसाठी त्याचा क्रमांक संघात तिसरा होता. १ जानेवारी १९७९ रोजी डॅलस येथे गोठवणाऱ्या थंडीत त्याच्या अंगातील उष्णता इतकी उतरली की मध्यंतरानंतर तो आतच राहिला. डॉक्टरांनी त्याला पांघरुणांत गुंडाळून कोंबडीचे गरम सूप पाजले. तो परत मैदानात आला आणि ३४-१२ असा पिछाडीवर पडलेला संघ त्याने शेवटच्या क्षणी ३५-३४ असा जिंकून दिला. एवढे करूनही त्या वर्षीच्या व्यावसायिक निवडीत ८१ खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर त्याचे नाव आले.

त्यानंतरची कथा क्रीडाप्रेमींना मुखोद्गत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून तो चार अंतिम सामने खेळला आणि चारही जिंकला. तिन्हींत सामनावीर तोच होता, चौथ्यात त्याचा सहकारी जेरी राइस. त्या चार सामन्यांत १२२ वेळा चेंडू फेकून त्याने एकदाही तो प्रतिपक्षाच्या हाती दिला नाही. १९८९ च्या अंतिम सामन्यात तीन मिनिटे आणि दहा सेकंद उरली असता त्याच्या संघाला ९२ यार्ड जायचे होते. सारे सहकारी श्वास रोखून उभे, आणि हा म्हणतो, पलीकडे प्रेक्षकांत तो विनोदी नट जॉन कँडी दिसतो आहे, पाहा! ताण हलका झाला, ९२ यार्ड सरले, सामना जिंकला. अशा माणसाहून दुसऱ्या कुणाला मोठे म्हणायचे तर तोंड धजावत नाही.

तरीही मी दुसरे नाव घेणार आहे. तत्पूर्वी निक बुओनिकॉन्टीविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याच्यावाचून हा हिशोब खोटा होईल. नोटर डेममध्ये तो उत्तम खेळला, परंतु अंगाने लहान म्हणून १९६२ सालच्या निवडीत तेराव्या फेरीपर्यंत त्याला कुणी विचारले नाही. बॉस्टनमध्ये खेळता खेळता त्याने कायद्याची पदवी घेतली. पुढे १९७२ च्या हंगामात मायामीचा संघ सतराच्या सतरा सामने जिंकला, त्या संघाच्या बचावाचा तो कणा होता. १९८५ च्या ऑक्टोबरात त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा मार्क हाच खेळ खेळताना मानेवर आपटला आणि मानेखाली लुळा पडला. बापाने शोक आवरून त्याच वर्षी मज्जारज्जूच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. २००१ साली कीर्तिमंदिरात सन्मान स्वीकारताना तो म्हणाला की, मार्क पुन्हा चालणार असेल तर आपण हे सारे मानसन्मान देऊन टाकू. शेवटच्या वर्षांत त्याची स्वतःचीच स्मृती ढळली. आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे त्याने २०१७ साली जाहीर केले आणि २०१९ साली तो वारला. वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार तपासणीत आढळून आला. हॉर्नंगही स्मृतिभ्रंशानेच गेला, २०२० साली. त्याआधी त्याने शिरस्त्राण बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला होता. आकड्यांच्या तक्त्यांत या गोष्टींसाठी रकाना नसतो.

ज्याचे नाव मी घेणार तो ॲलन पेज. त्याचा जन्म १९४५ साली ओहायोतील कँटन गावी झाला. १९२० साली व्यावसायिक संघटना स्थापन झाली ती याच गावी, आणि १९६३ साली कीर्तिमंदिर उघडले तेही इथेच. त्या इमारतीच्या बांधकामावर किशोरवयीन पेजने मजुरी केली होती. गावच्या कॅथलिक शाळेतून तो नोटर डेमला गेला. १९६६ चा राष्ट्रीय विजेता संघ तोच. त्यात कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून तो एकटाच होता. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग त्या काळी अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचे सदस्य होते, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत हातात हात घालून उभे राहिलेले. आणि त्यांच्याच विद्यापीठाच्या संघात असा एकच मुलगा असावा, ही विसंगती नोंदवलीच पाहिजे.

मिनेसोटाच्या संघातून पेज बचावफळीत खेळला. चेंडू फेकणाऱ्याने तो फेकण्याआधीच त्याला जमिनीवर लोळवणे हे त्याचे काम. १९७१ साली तो संपूर्ण संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावातील गड्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यानंतर आजवर तो लॉरेन्स टेलर या एकट्याला, १९८६ साली, मिळाला आहे. पेज सलग २१८ सामने खेळला. त्याने प्रतिपक्षाच्या २८ किका अडवल्या. आता गंमत पाहा: क्वार्टरबॅकला लोळवण्याची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ साली, आणि पेज निवृत्त झाला १९८१ च्या हंगामानंतर. म्हणजे त्याच्या कामाचा मुख्य भाग अधिकृत नोंदीत नाहीच. चेंडू फेकणाऱ्याचा प्रत्येक यार्ड मोजला गेला, अडवणाऱ्याचे श्रम मात्र अंदाजावर राहिले. मॉन्टॅनाचे पक्षपाती म्हणतील की पेज चार अंतिम सामने खेळला आणि चारही हरला. हे खरे आहे. परंतु बचावातला एक गडी गुण वाचवू शकतो, मिळवून देणे बहुधा त्याच्या हाती नसते. हरलेल्या चारही सामन्यांत त्याच्या संघाला एकदाही पंधरा गुण करता आले नाहीत.

१९७५ पासून पेज खेळता खेळताच मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकू लागला आणि १९७८ साली पदवीधर झाला. दूर पल्ल्याच्या धावण्याने त्याचे वजन उतरले. त्याच वर्षी, वजन फार कमी झाले म्हणून संघाने त्याला काढून टाकले. मग तो शिकागोला जाऊन आणखी तीन वर्षांहून अधिक काळ खेळला. १९९२ साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक त्याला लढवायची होती, पण विद्यमान न्यायाधीशाला मुदतवाढ देऊन ती टाळण्यात आली. पेज न्यायालयात गेला, निवडणूक घ्यायला लावली आणि जिंकला. त्या न्यायासनावर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय. २०१५ साली, सत्तराव्या वर्षी, नियमाप्रमाणे तो निवृत्त झाला.

कुणी म्हणेल, हे तर मैदानाबाहेरचे झाले; वाद खेळाडूंचा आहे, न्यायाधीशांचा नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी आधी मैदानावरचा हिशोब मांडला, आणि त्या हिशोबात मॉन्टॅना पेजच्या पुढे असलाच तर तिळभरच आहे, असे माझे मत आहे. तेवढे अंतर बाकीच्या आयुष्याने भरून काढले तर त्यात अन्याय कोणता?

१९८८ साली पेजला कीर्तिमंदिरात घेतले तेव्हा त्याची ओळख करून द्यायला प्रशिक्षक किंवा सहकारी उभा नव्हता, तर मिनियापोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ज्या इमारतीसाठी त्याने मजुरी केली होती, तिच्या पायऱ्यांवर उभा राहून तो खेळाविषयी फारसे बोललाच नाही. बोलला तो मुलांच्या शिक्षणाविषयी. त्याच वर्षी त्याने शिष्यवृत्तीसाठी न्यास स्थापन केला. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याहून लहान मुलांना शिकवले पाहिजे, ही त्याची अट होती. मिनियापोलिसमधील एका शाळेला अलेक्झांडर रॅम्सी या माजी राज्यपालाचे नाव होते. सू जमातीच्या आदिवासींना ठार मारावे अथवा हाकलून द्यावे असे म्हणणारा हा गृहस्थ. तेथील मुलांनीच नाव बदलण्याची मागणी केली, आणि २०१७ साली शाळेवर नवे नाव लागले: जस्टिस पेज मिडल स्कूल.