शासनाचे अक्षर : मोडी दप्तरापासून संकेतस्थळापर्यंत

‘वेबसाइट’ला ‘संकेतस्थळ’ हा प्रतिशब्द ज्याने कोणी सुचविला, त्याला संस्कृत काव्यशास्त्राची ओळख होती की नव्हती, ह्याविषयी आमच्यात मतभेद आहेत. अभिसारिका प्रियकराच्या भेटीस जाते ते संकेतस्थळ. तेथवरची खूण दोघांखेरीज कोणास कळू नये, ही त्यातली अट. शासनाने सर्वांसाठी उघडलेल्या दालनास हेच नाव मिळावे ह्यात विनोद आहे खरा. पण शासकीय माहितीचा मराठीतील इतिहास पाहू लागले की तो निव्वळ विनोद राहत नाही. कागद समोर आहे, त्याच्यापर्यंत जाण्यास मज्जावही नाही, आणि तरी अक्षर लागत नाही, असे मराठी माणसाच्या वाट्याला वारंवार आले आहे.

मोडी ही वेगाने लिहिण्याची, कारकुनी लिपी. मराठी राज्याचा सारा व्यवहार तिच्यात चाले. पत्र संपले ह्याची खूण म्हणून ‘मोर्तबसूद’ येई, ‘लेखनसीमा’चा शिक्का उमटे, त्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये ही त्यामागची काळजी. पुढे छापखाना आला. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० साली काढलेल्या मराठी कोशात मोडीचे खिळे वापरले होते, हे आज आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना नवल वाटते. परंतु छपाईत बालबोध स्थिरावली, आणि वाचायची लिपी एक, कचेरीत लिहायची लिपी दुसरी, अशी विभागणी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवीत. ती अभ्यासक्रमातून गेली तेव्हा तिच्याबरोबर जमिनीचे, वतनाचे, जन्ममृत्यूचे किती कागद नातवंडांना परके झाले, ह्याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडलेला दिसत नाही.

पुण्याच्या पेशवे दप्तराची कथा ह्याच्या शेजारी ठेवून पाहावी. तेथे देशी अभ्यासकांना दीर्घकाळ सहजी प्रवेश नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून खाजगी संग्रहांतले कागद गोळा करीत होते आणि सरकारी संग्रह पुण्यातच बंद होता. अखेर गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ ह्या काळात दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बालबोधीत छापून निघाले. दरवाजा उघडला ही अर्धी गोष्ट; उरलेली अर्धी मोडी लागणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे मान मोडून केली. इतिहासलेखनाच्या चर्चेत आपण संपादकाचे नाव घेतो, लिप्यंतर करणाऱ्याचे क्वचितच.

संगणक आला तेव्हा हीच कथा नव्या वेषात घडली. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणास वेग आला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे संकेतन प्रमाण म्हणून स्वीकारले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे प्रमाण होते. परंतु घरोघरच्या संगणकांत युनिकोड देवनागरी दिसू लागली ती विंडोज २००० पासून, आणि तोवर कचेऱ्यांना सवय लागली होती ती निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटची. प्रत्येकाचा कळफलक वेगळा, आतील संकेतन वेगळे. आमच्या शिक्षककक्षात एकदा एक परिपत्रक ई-पत्राने येऊन पोहोचले. उघडले तर रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे, टक्क्याची खूण आणि मध्येच एखादे फ्रेंच अक्षर. तो फाँट आमच्यापाशी नव्हता. सेवानिवृत्तीला आलेले एक सर म्हणाले, “मोडीच बरी होती, निदान शिकता तरी येत होती.” परिपत्रक शेवटी शिपायाकरवी, कागदावर आले. (त्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती.)

ह्या काळातच माहितीच्या अधिकाराची चळवळ पक्व होत होती. महाराष्ट्राने आधी २००० साली व नंतर २००२ साली आपला कायदा केला; केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. अर्ज करून माहिती मागण्याचा त्यातला भाग सर्वांस ठाऊक आहे. चौथ्या कलमाकडे मात्र, विशेषतः भाषेच्या शिक्षकांनी, अधिक लक्ष द्यावयास हवे. नागरिकाला मागण्याची वेळच येऊ नये अशा रीतीने शासनाने आपणहून माहिती मांडावी, अभिलेखांची सूची करावी, ते संगणकावर आणावेत, असे हे कलम सांगते; आणि ही माहिती पोहोचविताना स्थानिक भाषेचा व त्या भागात परिणामकारक ठरणाऱ्या साधनाचा विचार करावा, असेही बजावते. साधनांच्या यादीत इंटरनेट आहे, तशीच सूचनाफलक आणि जाहीर घोषणाही आहे. चावडीवरचा फलक आणि कोतवालाची दवंडी ह्यांना संकेतस्थळाच्या पंक्तीला बसविणारे हे वाक्य आम्हांस फार सुज्ञ वाटते. दवंडीला फाँट लागत नाही.

महाराष्ट्र शासनाचे निर्णय आज संकेतस्थळावर मिळतात. प्रत्येकाच्या अखेरीस त्याचा संगणक संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख असतो. ‘मोर्तबसूद’चा हा वंशज मानावयास हरकत नाही. सातबाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तेव्हा तलाठ्याच्या दारातल्या किती खेपा वाचल्या असतील! ह्या सोयीला नाके मुरडणारे आम्ही नव्हे. पण एक बारीक गोष्ट पाहा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद आपण वर्गात हसत हसत शिकवितो. ह्यातल्या दुसऱ्या शब्दातील आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एक, नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरे काटेकोर जुळवून शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द. आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. लिहिणाऱ्याने एका रीतीने लिहिला आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या, तर अशा यंत्राला तो निर्णय सापडत नाही. आणि ‘कर्मचाऱ्यांच्या’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘विद्यार्थिनी वसतिगृहाच्या पायऱ्या’... मराठी शासनव्यवहारात हा ‘र’ पावलोपावली भेटतो. शुद्धलेखन म्हणजे परीक्षेचे दोन गुण, असे मानणाऱ्यांस हे उदाहरण दाखवावे.

स्कॅन करून ठेवलेल्या कागदांत तर शोधण्याजोगे अक्षरच नसते. ते केवळ चित्र. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुने महसुली व शाळांचे कागद बाहेर निघाले, त्यांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्यांतले कित्येक मोडीत होते, मराठवाड्यातले काही उर्दूत. आरक्षणाच्या वादाची चर्चा करण्याचे हे स्थान नव्हे. पण ज्या घरांचे भवितव्य त्या चार ओळींत होते, त्यांना त्या ओळी वाचता येत नव्हत्या, आणि मोडीवाचकांची एकाएकी वाण पडली. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयत्न आता होत आहेत. ते सफल व्हावेत.

त्या हिवाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच एक पान छापून घेऊन महाविद्यालयात आले होते. आमच्यातल्या एकाने फार पूर्वी मोडीचा वर्ग केलेला. त्याने चष्मा पुसून तासभर कागद न्याहाळला. गाव लागले, आजोबांचे नाव लागले, बापाचे नाव लागले. जातीच्या रकान्यातला शब्द ‘कु’पासून सुरू होत होता, पुढे मूळ कागदाचीच शाई फुटली होती.