सामाईक सेवक आणि स्वतंत्र अधिकार

१९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तेथील मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे चिटणीसपद कुमारप्पांनी मगनवाडीतून सांभाळले. पेशाने हिशेबतपासनीस असलेल्या या गृहस्थांनी बिहारमध्ये खुद्द गांधीजींच्या परिवाराचा खर्चही मदतनिधीतून करण्यास नकार दिला आणि गांधीजींनी तो मान्य केला. मागणाऱ्याच्या सचोटीविषयी शंका नव्हतीच. एका कार्यासाठी मिळालेला अधिकार, तो हाताशी आहे एवढ्याच कारणाने, दुसऱ्या कार्यासाठी वापरता येतो काय, एवढाच प्रश्न होता.

हाच प्रश्न पुढे संगणकाच्या इतिहासात वेगळ्या रूपाने उभा राहिला. १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स येथे एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची पद्धती सिद्ध केली. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र राहाव्यात म्हणून परवलीचे शब्द आले. परंतु त्याच दशकात दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत असता त्यांच्या तात्पुरत्या फायलींची नावे एक झाली, आणि दैनिक सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येकापुढे उमटले. यात चोर कोणी नव्हता. दोष सामाईक जागेचा होता.

१९७५ मध्ये सॉल्ट्झर व श्रोडर यांनी कोणत्याही आज्ञावलीस कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व मांडले. त्याचे मर्म नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका जुन्या घटनेवरून स्पष्ट होते. टाइमशेअर कंपनीच्या यंत्रावरील फोरट्रान भाषांतरकास आकडेवारी नोंदविता यावी म्हणून कंपनीच्या संग्रहात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. एका वापरकर्त्याने आपले निष्पन्न ठेवण्यासाठी त्याच संग्रहातील देयकांच्या फायलीचे नाव दिले. तो अधिकार वापरकर्त्यास नव्हता, पण भाषांतरकास होता. त्याने आज्ञा पाळली आणि देयकांची नोंद नष्ट झाली. दोन धन्यांचा अधिकार बाळगणाऱ्या सेवकास आपण कोणाच्या वतीने लिहीत आहोत, हे कळण्याचा मार्गच नव्हता.

आजचा बिल्ड सर्व्हर हा त्याच भाषांतरकाचा वंशज होय. अनेक प्रकल्पांच्या आज्ञावली जुळवून, तपासून त्या वापरासाठी सिद्ध करणारे हे सामाईक यंत्र आहे. कोसुके कावागुची यांनी २००४ मध्ये आरंभिलेली आणि २०११ पासून जेन्किन्स या नावाने वाढलेली प्रणाली हे त्याचे परिचित उदाहरण. सिद्ध झालेली आज्ञावली योग्य स्थळी पोहोचविण्यासाठी प्रत्येक प्रकल्पाच्या गुप्त किल्ल्या त्यास सोपवाव्या लागतात. त्या सर्वांना खुल्या ठेवल्या, तर एका प्रकल्पात घुसलेली चार ओळींची आज्ञा शेजारच्या प्रकल्पाची किल्ली नेऊ शकते.

हे भय काल्पनिक नाही. २०२१ च्या जानेवारीअखेर कोडकव्ह या सेवेच्या एका साधनात फेरफार झाला आणि एप्रिलपर्यंत असंख्य प्रकल्पांच्या बिल्डमधील किल्ल्या बाहेर जात राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत सर्कलसीआयने आपल्या सर्व ग्राहकांना साठविलेल्या किल्ल्या बदलण्यास सांगितले. हजारोंचा विश्वास एका ठिकाणी साठला की एका चुकीची किंमत सर्वांस द्यावी लागते.

यावर योजिलेले उपाय वस्तुतः हिशेबनिसाचेच आहेत. किल्ली यंत्राच्या नव्हे, तर प्रकल्पाच्या खात्यावर ठेवणे. जेन्किन्समध्ये ती त्या प्रकल्पाच्या फोल्डरपुरती मर्यादित करता येते. प्रत्येक कामास स्वतंत्र व अल्पजीवी यंत्र देणे, म्हणजे मागच्या कामाचे अवशेष पुढच्यास सापडत नाहीत. कायमच्या किल्लीऐवजी त्या कामापुरते, काही मिनिटांत संपणारे अधिकारपत्र देणे.

तथापि, एक भेद उरतोच. कुमारप्पांजवळ निधी होता तसा विवेकही होता. हा खर्च कोणाचा, असे ते थोरामोठ्यांसही विचारू शकले. यंत्र असे विचारीत नाही. हाती असलेला अधिकार ते निमूटपणे वापरते. म्हणून जो नकार मनुष्याने द्यावयाचा, तो येथे रचनेतच आधी घालून ठेवावा लागतो.