मिठी नदीचा पूर आणि नंतर आलेला ताप

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला मात्र जेमतेम ७३ मिमी. भराव आणि बांधकामांमुळे मिठी नदीचे पात्र अरुंद झालेले, त्यात कचरा आणि वर समुद्राची भरती. पाणी वस्त्यांत शिरले. लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले.

पूर ओसरला, पण ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर आपण ते पाणी विसरलेले असतो! वेळेत उपचार न झाल्यास कावीळ होऊ शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

म्हणून लक्षात ठेवा:

- जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.
- उतरावेच लागले तर घरी येताच साबणाने पाय धुवा आणि प्रतिबंधक गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी घेऊ नका.
- नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे जाणवल्यास "मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या एका वाक्याने निदान लवकर होते.