मथुरेची मूर्ती, चुनारचा पाषाण

काशीयात्रेस येणाऱ्या मराठी कुटुंबाची पावले प्रथम गंगेच्या घाटांकडे व विश्वेश्वराच्या मंदिराकडे वळतात. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर असलेले सारनाथ बहुधा उरल्या वेळात पाहिले जाते, आणि धामेख स्तूपाला प्रदक्षिणा झाली की तेथील संग्रहालयाचे दर्शन राहूनच जाते. वस्तुतः घरापासून दूर नांदणाऱ्या आपणां मंडळींना जिव्हाळ्याची वाटावी अशी एक कथा त्या वास्तूत पाषाणरूपाने उभी आहे. मुलाबाळांसह ती पाहिल्यावर आम्हांस जे उमगले, ते या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भगवान बुद्धांनी आपला पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात पाच शिष्यांना केला. पुढे सुमारे दीड हजार वर्षे येथे विहार व स्तूप उभे राहत गेले. १९०४-०५ साली अभियंता ओअर्टल यांनी केलेल्या उत्खननात अशोकाच्या स्तंभाचे सिंहशीर्ष सापडले, आणि अशा अवशेषांसाठी उत्खननस्थळाजवळच बांधलेले हे संग्रहालय १९१० साली पूर्ण झाले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताने राजमुद्रा म्हणून स्वीकारले ते हेच शिल्प. नाण्यांवर तीनच सिंह पाहिलेली मुले चौथा सिंह शोधीत त्याभोवती फिरतात, तेव्हा इतिहास त्यांच्या हाती लागल्यासारखा वाटतो.

परंतु आमचे पाय खिळले ते तांबड्या वालुकाश्माच्या एका भव्य मूर्तीपुढे. आठ फुटांहून उंच अशी ही बोधिसत्त्वाची मूर्ती मथुरेच्या कारागिरांनी मथुरेच्याच दगडात घडविलेली आहे. सम्राट कनिष्काच्या राज्यवर्ष ३ मध्ये भिक्षू बल याने ती येथे स्थापन केली, असे तिच्यावरील लेख सांगतो. मूर्तीच्या मस्तकावर धरण्यासाठी सुमारे १० फूट व्यासाचे कोरीव दगडी छत्रही त्याने अर्पिले होते. मथुरा आणि सारनाथ यांत सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे. एवढा भार यमुना व गंगा यांच्या जलमार्गानेच आणला गेला असावा. दानाच्या पुण्यात बलाने प्रथम आपल्या मातापित्यांना, मग गुरूंना, शिष्यांना आणि त्रिपिटक जाणणाऱ्या बुद्धमित्रा नामक भिक्षुणीला सहभागी करून घेतले, व शेवटी सर्व प्राणिमात्रांचे हित आणि सुख इच्छिले.

नंतरचा भाग अधिक मनोज्ञ आहे. येथील मूर्तिकारांनी ही परप्रांतीची मूर्ती न्याहाळली व तिच्या धर्तीवर जवळच्या चुनारच्या दगडात मूर्ती घडविल्या. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, तसा हातही त्यांचा स्वतःचा झाला. पाचव्या शतकातील धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती हे त्याचे परिपक्व फळ होय. मथुरेच्या मूर्तीतील बलदंडपणा येथे मावळला आहे. अंगावरचे वस्त्र जवळजवळ अदृश्य, नेत्र अर्धोन्मीलित, मुखावर अपार शांती. पीठावर चक्र, दोन मृग व पाच शिष्य कोरलेले आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीत एक स्त्री व एक बालक. ही स्त्री मूर्तीची दात्री असावी, असे अभ्यासक मानतात.

“मग ही मूर्ती मथुरेची म्हणायची की इथली?” असा प्रश्न आमच्या धाकट्या कन्येने केला. शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलीच्या तोंडी तो आला, तेव्हा तो केवळ मूर्तीविषयी उरला नाही. “मूळ तिथले, घडण इथली,” असे तिची आजी सहज म्हणाली. याहून नेमके उत्तर आम्हांस सुचले नसते.

अर्थात मूळ टिकते ते कोणी जपले तरच. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८३५-३६ साली येथे उत्खनन केले. त्यानंतर मागे राहिलेल्या मूर्ती व कोरीव दगड वरुणा नदीवरील पुलाच्या कामी पाण्यात टाकले गेले, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. त्यात द्वेष नव्हता. पाहणाऱ्यांना तो निव्वळ दगड वाटला, इतकेच. परिचय तुटला की वारशाचा असा दगड होतो.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, पुढील काशीयात्रेत सारनाथच्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. तांबड्या मूर्तीपुढे मुलांना उभे करून भिक्षू बलाची हकिकत सांगावी, आणि ती मराठीत सांगावी.