नागपूरचे काष्ठकाम : पटाशीपासून राउटरपर्यंत

नागपुरातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडात बांधलेला व काष्ठशिल्पाने नटलेला होता. १८६४ मध्ये तो आगीत भस्मसात झाला. प्रवेशद्वार तेवढे उरले. अशा वास्तूंच्या नक्षीविषयी लिहिले जाते. ती पेलणाऱ्या सांध्यांविषयी क्वचितच.

सागवानही पावसाळ्यात रुंदीच्या दिशेने फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून दाराची चौकट कुसू व खाच यांनी घट्ट जोडतात. मधली फळी मात्र खोबणीत मोकळी ठेवतात. पूर्वी हे काम करवत, पटाशी व सुताराची नजर यांवर चाले. राउटरचे विजेवर फिरणारे कटर जिगच्या आधाराने सरकत एकसारख्या खाचा कापते. त्यांचे कोपरे गोल राहतात. चौकोनी कुसू बसवायचे तर पटाशी घ्यावीच लागते. सारांश, यंत्राने कौशल्य संपत नाही. त्याचा मोठा वाटा जिग आखणाऱ्याकडे जातो. सांध्याची गरज खऱ्या अर्थाने कमी केली ती प्लायवूड व स्क्रूने. रामदासपेठेतील फर्निचरचा विचारही याच संदर्भात व्हावा.

२०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले. लाकडाची नोंद झाली. सांधा जाणणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाचीही नोंद होणे, हे स्थानिक इतिहासाचे कर्तव्य ठरते.