घटनास्थळीच ठसा टिपणारी उपकरणे

गुन्ह्याच्या जागी उमटलेला बोटाचा ठसा म्हणजे घाम आणि तेलकटपणा यांचा अत्यंत पातळ थर. महाबळेश्वर-कोयनेच्या पावसात तो धुऊन जातो, तर जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात आणि धुळीत वाळून पुसट होतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मात्र पुणे व कोल्हापूर येथे आहेत. सांगली ते पुणे हे अंतरच सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांतील तपासात पुरावा हलविण्यापूर्वी तो जागेवरच, शक्यतो स्पर्श न करता, चित्ररूपाने टिपणे महत्त्वाचे ठरते. हातात धरता येणारी न्यायवैद्यक प्रतिमांकन उपकरणे हेच काम करतात.

यांपैकी एक प्रमुख उपकरण म्हणजे 'रूव्हिस', अर्थात परावर्तित अतिनील किरणांवर चालणारी दुर्बीण. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पृष्ठभागावर तिरपे टाकले जातात. गुळगुळीत पृष्ठभाग आणि ठशाच्या रेषा हे किरण वेगवेगळ्या प्रकारे परावर्तित करतात. साधी काच हे किरण शोषून घेत असल्याने भिंग क्वार्ट्झचे वापरतात. आतील प्रतिमावर्धक नलिका अदृश्य प्रतिमा डोळ्यांना दिसेल अशी करते. काच, प्लास्टिक, चकचकीत फरशी यांवरील ठसा भुकटी न टाकता दिसतो. छिद्राळ लाकडावर किंवा साध्या कागदावर मात्र या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही.

निळ्या प्रकाशाचा दिवा आणि नारिंगी चष्मा ही दुसरी जोडी. या प्रकाशात लाळ, वीर्य यांचे डाग चमकतात. रक्त चमकत नाही. ते प्रकाश शोषून अधिक गडद दिसते. गडद कपड्यावरील बंदुकीच्या धुराचे कण किंवा जळालेल्या कागदावरील अक्षरे अवरक्त कॅमेऱ्यात उमटू शकतात.

या तंत्राची नाळ सैन्याशी जोडलेली आहे. प्रतिमावर्धक नलिका हा रात्री पाहण्याच्या लष्करी दुर्बिणीचा गाभा. पुढे इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत स्फोटकांच्या अवशेषांवरील ठसे टिपून बॉम्ब बनविणाऱ्यांचा माग काढण्यात आला. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यासाठी वापरले जाणारे भूभेदी रडारही आता तपासकार्यात आले आहे. उकरलेली माती आणि आजूबाजूची मूळ जमीन यांतील फरक ते पडद्यावर दाखवते.

हा विषय या भागाला परका नाही. २०१६ मध्ये साताऱ्यातील वाईजवळच्या धोम येथे पुरलेले मृतदेह उकरून काढावे लागले, तर २०१७ मध्ये सांगलीतील म्हैसाळ येथे पुरलेले भ्रूण सापडले. परंतु कृष्णाकाठच्या ओल्या, चिकण काळ्या मातीत रडारच्या लहरी लवकर क्षीण होतात. तेथे यंत्राचा कौल हा केवळ संकेत मानून प्रत्यक्ष खोदकामानेच खात्री करावी लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे व त्याचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये फिरत्या न्यायवैद्यक वाहनांचा ताफा रस्त्यावर आणला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि 'हॅश' मूल्य द्यावे लागते. छायाचित्रात नंतर किंचितही बदल झाला, तर हे मूल्य बदलते.

तथापि उपकरण हाती आले म्हणजे काम झाले, असे नव्हे. लघु तरंगलांबीचे अतिनील किरण डोळ्यांना व त्वचेला घातक असतात. शिवाय ते डीएनएची हानी करतात. म्हणूनच, जेथे डीएनए मिळण्याची शक्यता असेल तेथे नमुना आधी घेऊन मग किरण टाकणे श्रेयस्कर. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवणे, छायाचित्र काटकोनात घेणे आणि मूळ प्रत जशीच्या तशी जपणे या गोष्टी जुन्याच आहेत. न्यायालयात पुरावा टिकतो किंवा कोसळतो, तो बहुधा या साध्या शिस्तीवरच.