औषधजन्य अवसाद

औषधजन्य अवसाद : शारीरिक विकारावरील औषधाचा आनुषंगिक परिणाम म्हणून उद्भवणारी, दीर्घकाळ टिकणारी खिन्नता. ती कोणत्या रुग्णास ग्रासेल, याच्या पूर्वानुमानाचा प्रश्न सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला.

सर्पगंधेचे मूळ भारतात उन्माद व निद्रानाश यांवर परंपरेने वापरीत. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा रक्तदाब उतरविण्याचा गुण नोंदविला. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यापासून रिसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे केले.

या औषधाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना अवसाद आल्याचे एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत निदर्शनास आणले. ज्यांना पूर्वी अवसाद होऊन गेला आहे, त्यांना धोका अधिक असल्याचेही पुढे दिसून आले. त्यामुळे अशा रुग्णांच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगण्याची व पहाटे लवकर जाग येणे, भूक मंदावणे, स्वतःला कमी लेखणे ही लक्षणे दिसताच औषध थांबविण्याची सूचना रूढ झाली. औषध थांबविल्यावरही अवसाद काही महिने टिकू शकत असल्याने पूर्वसूचनेला विशेष महत्त्व होते.

रिसर्पिनामुळे मेंदूतील सिरोटोनीन, नॉरअॅड्रेनॅलीन इ. अमाइनांचा साठा घटतो. त्यावरून अमाइनांची न्यूनता हेच अवसादाचे कारण असावे, या गृहीतकास बळ मिळाले. तथापि १९५५ मध्येच लंडनमधील डेव्हिस व शेपर्ड यांना चिंताग्रस्त व अवसादग्रस्त रुग्णांत रिसर्पीन उपयुक्त आढळले होते. २००३ मधील एका समीक्षेने तर रिसर्पीन व अवसाद यांतील कार्यकारणसंबंधच शंकास्पद ठरविला.

इंटरफेरॉन-आल्फाच्या बाबतीत मात्र संबंध अधिक स्पष्ट आहे. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या ४० रुग्णांवरील २००१ मधील चाचणीत, पॅरॉक्सेटीन हे अवसादरोधी औषध दोन आठवडे आधीपासून दिलेल्या गटात ११ टक्के, तर निष्क्रिय गोळी दिलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांत तीव्र अवसाद आढळला. उपचारापूर्वीची अवसादलक्षणे हा येथेही महत्त्वाचा पूर्वसंकेत मानतात. म्हणून औषधाच्या गुणधर्मांइतकीच रुग्णाच्या मानसिक पूर्ववृत्ताची चौकशी आवश्यक ठरते.